मांडणी क्रमांक एक रिकामी करण्याबाबत

तीर्थरूप आत्येस,

तुझ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. प्रत्यक्षात मी स्टुलावर बसलोय आणि खालची फरशी नुकतीच पुसलीय, तेव्हा आठांपैकी दोन-तीन अंगं आत्ता पोचली असं धर, उरलेली फरशी वाळल्यावर.) मी इकडे खुशाल आहे, वजन वाढलंय, केस कापलेत. तुझा गुडघा काय म्हणतो? मोरीतला नळ अजून ठिबकतोय की आतोबांनी त्याला परत चिंधी बांधली? आणि आतोबा कसे आहेत? संध्याकाळी काय करतात हल्ली? सहज विचारतोय. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की त्यांचा माऊथऑर्गन घरातच कुठेतरी हरवला त्याला पाच महिने झाले, ते बिचारे गॅलरीत नुसते रस्त्याकडे बघत बसतात, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तुला सातच्या बातम्या शब्दन् शब्द ऐकू येतायत. सापडला का मग? गाद्यांखाली पाहिलंत? नसेल पाहिलं तर राहू दे, उगाच गुडघ्याला त्रास नको. माळ्यावर तर अजिबात चढू नकोस.

आता बातमी. मला नोकरी लागून आज बेचाळीस दिवस झाले. चष्मा पुसून परत वाच, बेचाळीसच लिहिलंय. ‘हा पोरगा एका जागी महिनाभर टिकला तर मी त्याच्या नावाने घराला रंग काढीन’ असं तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, तेव्हा रंग कुठला ते ठरवून ठेव. (पिवळा नको. फरशी घासायच्या कामावर असताना मी तीन आठवडे एका पिवळ्या घरात होतो, तिथे सगळेच एकमेकांवर खेकसायचे.) नोकरी बस डेपोत आहे. बसमध्ये लोक ज्या वस्तू विसरून जातात त्या ठेवायची एक खोली असते, तिथे. मी इथे कसा आलो ही वेगळीच हकीकत आहे, ती पुढे येईलच.

ही खोली ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सगळे सांभाळकाका म्हणतात, कारण कोणीही काहीही विचारलं की ते ‘सांभाळतोय’ एवढंच म्हणतात. बावीस वर्षं हेच करतायत. आत्या, असा माणूस मी पाहिलेला नाही. लोकांची हरवलेली घड्याळं ते रोज सकाळी चावी देऊन चालू ठेवतात. छत्र्या उघडून वारा देतात. सोमवारी सगळे चष्मे पुसतात, कारण, ‘धनी अचानक आला तर त्याला धूळ दिसायला नको.’ एका काचेच्या पेल्यात कोणाची तरी दातांची कवळी आहे, तिचं पाणी दिवसाआड बदलतात. मी एकदा विचारलं, काका, हिचा धनी आता दुसरी करून चावत बसला असेल, तुम्ही कशाला पाणी बदलताय? तर म्हणाले, ‘तुझी असती म्हणजे कळलं असतं.’

तर ह्या खोलीवर संकट आलं. आमच्या मुख्य बाई (म्हणजे साहेब, पण बाई) एक दिवस दारात उभ्या राहिल्या, आत यायला जागा नव्हती, आणि म्हणाल्या की ही अडगळ आहे, नवीन तिकीट मशीन ठेवायला त्यांना खोली हवी, सगळं भंगारात जाऊ दे. काकांचा चेहरा असा झाला की मीच मध्ये बोललो. मी म्हटलं, बाई, वस्तू अडगळ नाहीयेत, लोकांना त्या सापडत नाहीयेत. आपल्या वेबसाइटवर सापडल्या तर आठवड्यात मांडण्या रिकाम्या होतील. बाई म्हणाल्या, ‘तू कोण?’ मी म्हटलं, शिडी धरणारा. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, ‘ठीक आहे. तीन मांडण्या आहेत ना? पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी पाचला मी येईन. मांडणी क्रमांक एक पूर्ण रिकामी दिसली तर खोली राहील. एकही नग दिसला तर तिन्ही भंगारात, आणि काकांना टायर विभागात पाठवते.’ मांडणी एक ही सगळ्यात जुनी. तिच्यावर दोनशे चौदा नग. (दोन नंबरवर टाका ना थोडे, असं मी नंतर काकांना सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचीच चप्पल चोरताना सापडलोय. नग जागेवरून हलणार तो धन्याची सही झाल्यावरच, हा त्यांचा नियम.)

आता तू म्हणशील, नववीत तीनदा बसलेल्याला वेबसाइटमधलं काय कळतं? तर अगदीच कळत नाही असं नाही. वेबसाइट करणाऱ्या एका ऑफिसात मी अकरा दिवस होतो. (माझं काम प्रिंटरची शाई बदलण्याचं होतं, पण प्रिंटर जिथे होता तिथून तिघांचे स्क्रीन दिसायचे.) शिवाय बटणं प्रत्यक्ष बसवणारा एक संगणकवाला इथे आहे, तो कानात काहीतरी खुपसून बसतो आणि मी कागदावर काढून देईन तसं मुकाट करतो. काय, कुठे, कशाच्या खाली, हे ठरवायचं काम माझं. सोपं वाटलं होतं.

आधी काय होतं ते ऐक. साइट उघडली की अध्यक्षांचा फोटो, इतका मोठा की तो ओलांडून खाली यायला बोट दुखतं. त्याखाली डावीकडून उजवीकडे पळणारी ‘आपले स्वागत आहे’ अशी पट्टी; म्हणजे दार उघडून या म्हणायचं आणि आपणच पळून जायचं. मेन्यूत एकोणीस नावं, कारण विभाग एकोणीस, आणि प्रत्येक विभागप्रमुखाला आपलं नाव पहिल्या ओळीत हवं. (टायरवाले आणि इंजिनवाले ह्यावरून दोन वर्षं बोलत नाहीत.) हरवलेली वस्तू बघायची तर आधी ‘आमच्याविषयी’, त्यात ‘रचना’, त्यात ‘भांडार’, त्यात ‘नियमावली’, त्यात ‘परिशिष्ट ग’. आणि परिशिष्ट ग उघडलं की आत एकच वाक्य: अधिक माहितीसाठी मुख्य पानावर जावे.

मी पहिल्या झटक्यात काकांची वही उचलली आणि जशीच्या तशी साइटवर चढवली. काकांच्या वहीत वस्तू कशापासून बनली त्याप्रमाणे लावलेल्या आहेत: कापड, चामडं, धातू, काच, लाकूड, रबर, कागद आणि संकीर्ण. काकांना हे बरोबरच आहे. चामड्याला तेल लावायचं, लोखंडाला गंज बघायचा, त्यांची कामंच तशी वाटलेली. पण बाहेरच्या माणसाने चष्मा कुठे शोधावा? काच? धातू? आणि फ्रेम प्लास्टिकची असली तर? छत्रीत तर कापड, लोखंड आणि लाकूड तिन्ही. काका म्हणाले, ‘छत्री मुठीवरून ठरते.’ आता हे ज्याची छत्री हरवली त्याला कोण सांगणार? कवळी त्यांनी संकीर्णमध्ये टाकली होती, कारण दात ही वस्तू म्हणावी की माणूस, ह्याचा त्यांना निर्णय करता येईना. आत्या, मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. कॉफीच्या डब्यात मोहरी, बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा, आणि ‘मीठ’ लिहिलेल्या बरणीत रबरबँड. तुला अंधारातही सगळं सापडतं. पण तू दवाखान्यात होतीस त्या चार दिवसांत आतोबांनी आणि मी चहात जे काय काय घातलं ते तुला अजून सांगितलेलं नाही. नऊ दिवसांत त्या पानावर दोन माणसं आली. एक निविदा शोधत होता, आणि दुसऱ्या आमच्या बाईच.

मग मी म्हटलं, ह्यात जीव नाही, जीव ओतला पाहिजे. मी प्रत्येक वस्तूची गोष्ट लिहायला घेतली. लाल पर्सवर बोट ठेवलं की ती ज्या बसमध्ये सापडली तिचं पान, तिथून त्या बसच्या कंडक्टरचं पान (हा माणूस तोंडाने अकरा पक्ष्यांचे आवाज काढतो), तिथून पक्ष्यांचं पान, तिथून पिंजऱ्यांचं, कारण एक रिकामा पिंजराही आमच्याकडे आहे. मला फार आवडलं होतं. लोकांनाही आवडलं! एका बाईंनी पाऊण तास वाचलं आणि खिडकीवर फोन करून सांगितलं की फारच छान, पण मी काय शोधायला आले होते तेच आता आठवत नाहीये. परत पहिल्या पानावर जायचं बटण मी ठेवायला विसरलो होतो. मुख्य बाईंनी बोलावून घेतलं. ‘लोक हरवलेली वस्तू शोधायला येतात रे, आणि तू त्यांनाच हरवतोस?’ काका बाहेर उभे होते. ते जाऊन दोनशे चौदा नगांवरून फडकं फिरवत बसले. त्या दिवशी मला डबा खाववेना. बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो, मनात म्हटलं, येईल त्या बसमध्ये चढायचं आणि सुटायचं. आजवर असंच केलंय. बस आली, दार उघडलं, कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला, आणि मी म्हटलं, नाही, मी ह्या बसचा नाही.

तारीख झाली होती नऊ. चौकशीच्या खिडकीवरची मुलगी रजेवर गेली आणि मला तिथे बसवलं, आणि तिथे माझे कान उघडले. कारण माणूस आपली हरवलेली वस्तू कशी मागतो हे मी तोवर ऐकलंच नव्हतं. ‘धातूची वस्तू आहे का’ असं एकानेही विचारलं नाही. सगळे म्हणतात, ‘मंगळवारी हो, सकाळची, सात नंबरची गाडी, मागच्या बाजूला बसले होते मी, शेजारी एक जाड गृहस्थ होते...’ वस्तूचं नाव येतं सगळ्यात शेवटी, तेही आवाज खाली करून. एक आजोबा तर रोज यायचे, तोंडावर रुमाल धरून खिडकीपर्यंत पोचायचे, मागे रांग बघायची आणि बसचं वेळापत्रक मागून परत जायचे. सहा दिवसांत सहा वेळापत्रकं नेली त्यांनी. काय हरवलंय ते त्यांना रांगेसमोर म्हणवत नव्हतं, आणि मला कळत नव्हतं, मी मठ्ठ.

सातव्या दिवशी मी दोनशे चौदा वस्तूंची नावं दोनशे चौदा चिठ्ठ्यांवर लिहिली आणि प्रतीक्षालयातल्या बाकावर पसरून बसलो. बसची वाट बघणाऱ्यांना म्हटलं, जरा ह्याचे ढीग करून द्या, तुम्हाला वाटेल तसे. पंखा चालू होता, निम्म्या चिठ्ठ्या उडाल्या, त्यामुळे सगळेच गोळा करायला वाकले आणि आपोआप कामाला लागले. एक नर्स होत्या, रात्रपाळी करून निघालेल्या, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी कोणाचं न ऐकता पटापट तीन ढीग केले. मी विचारलं, हे काय लावलंत? तर पहिल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘ह्याच्याशिवाय माणूस अडतो.’ त्यात चष्मे, किल्ल्या, कानाचं यंत्र, औषधं, कवळी. दुसऱ्या ढिगात डबे, पाण्याच्या बाटल्या, एकेक मोजा, दुसऱ्याच्या छत्र्या. ‘ह्याच्यामुळे घरी बोलणी बसतात.’ आणि तिसरा? ‘हे मिळालं तर बरं, नाही मिळालं तरी जग चालतं.’ आणि त्यांची बस आली म्हणून त्या गेल्या. आत्या, मी त्यांच्या मागे धावत गेलो आणि खिडकीतून त्यांचे आभार मानले. त्यांना वाटलं काहीतरी विसरलं, म्हणून त्यांनी पर्स उघडून बघितली.

नवं पान हे असं. अध्यक्ष आहेत, पण खाली, टपालाच्या तिकिटाएवढे. वर एकच ओळ: बसमध्ये काही विसरलंय? त्याखाली मोठी तीन बटणं: ‘ह्याच्याशिवाय अडलंय’, ‘घरी बोलणी बसणार’, ‘मिळालं तर बरं’. कुठलंही दाबा, पुढचं पान विचारतं, कोणत्या दिवशी, किती नंबरची गाडी? मग फोटो. प्रत्येक पानावर वर डाव्या कोपऱ्यात परत पहिल्या पानावर जायचं घर. तीन दाबांत वस्तू, नाहीतर काकांचा फोन नंबर. बस्स. काकांची वही मागे जशीच्या तशी आहे, तिला हात लावलेला नाही. आमच्यासाठी ती, लोकांसाठी ही.

मुख्य बाई म्हणाल्या की सरकारी कामात ‘बोलणी बसणार’ असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, बरं, काढतो, पण एकदा दाबून तर बघा. त्यांनी दाबलं. दुसरंच दाबलं. (सगळे दुसरंच दाबतात.) तारीख टाकली, गाडी टाकली, आणि एका फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, ‘हा निळा थर्मास...’ काकांनी तो खालच्या कप्प्यातून काढून दिला, धुतलेला, झाकण उघडं ठेवून वाळवलेला. त्यांनी सही केली आणि बटणाचं नाव राहिलं.

आणि आजोबा! पान सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले, रुमाल तोंडावर, पण आज वेळापत्रक मागितलं नाही. फोनवरचा फोटो पुढे धरला. काकांनी पेला आतल्या खोलीत नेऊन दिला, दार लोटून घेतलं. पाच मिनिटांनी आजोबा बाहेर आले आणि रुमाल खिशात घालून पहिलं वाक्य बोलले ते असं खणखणीत की स्टँडवर ऐकू गेलं: ‘चार महिने भात कालवून खातोय मी! आधी नाही का सांगायचं?’ काका इतके खूश झाले म्हणून सांगू! दिवसभर तेच वाक्य सगळ्यांना ऐकवत होते.

तेव्हापासून रीघ लागलीय. कधी दिवसाला वीस, कधी तीस. पिंजरासुद्धा गेला. काकांच्या सह्यांचं पेन दोनदा संपलं. काल रात्री ते मांडणीकडे बघत म्हणाले की रिकामी मांडणी त्यांनी बावीस वर्षांत पाहिली नव्हती, मागची भिंत हिरवी आहे हेच विसरले होते. आज तारीख पंचवीस. दोनशे चौदांपैकी दोनशे तेरा गेले. एक नग उरलाय, मधल्या कप्प्यात, एकटाच. तीस तारखेला पाच वाजता तो तिथे असला तर वर लिहिलेलं सगळं फुकट, काका टायरमध्ये, आणि मी येईल त्या बसमध्ये.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार. तू गुडघ्याला तेल लाव. रंगाचं लक्षात ठेव.

तुझा,
अजून त्याच जागी असलेला भाचा

ता. क. मी इथे कसा आलो ते सांगायचं राहिलं. पाच महिन्यांपूर्वी तुमच्याकडून निघताना मी एक वस्तू बरोबर नेली होती. चोरून नाही, फक्त न सांगता. तिचा एक सूर अडकत होता, ‘दुरुस्त करून त्यांच्या वाढदिवसाला देऊ’ असं मनात होतं. सात नंबरच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. वाटेत क्रेनने अख्खी पाण्याची टाकी उचलत होते, ते बघायला मी उतरलो. वस्तू उतरली नाही.

ता. क. दुसरं. मी खिडकीवर तीन आठवडे खेटे घातले. वही लाकडात पाहिली, कागदात पाहिली, संकीर्ण पाहिलं. शेवटी काका म्हणाले, रोज येतोसच तर शिडी धर. चिठ्ठ्या लिहिताना सापडली. ‘धातू’मध्ये, बिजागऱ्या आणि पक्कडीच्या मधोमध: फुंकण्याचे, नग एक. काका दर सोमवारी पुसतात, पण फुंकून बघत नाहीत, म्हणतात, ते धन्याचं काम. सांगायला मी इतके दिवस घेतले त्याबद्दल तू जे बोलशील ते मला मान्य आहे.

ता. क. तिसरं. मी आता इथला नोकर, मला सही करता येत नाही. धन्याने स्वतः यावं लागतं आणि कुठला सूर अडकतो ते सांगावं लागतं. तेव्हा आतोबांना तीस तारखेच्या आत पाठव. मला माहीत आहे मी काय मागतोय. तुझ्या सातच्या बातम्या जातील. तू हे पत्र फाडलंस तर आतोबांना कधीच कळणार नाही, मीही बोलणार नाही, आणि गॅलरीत शांतता राहील. एका बाजूला तुझी शांतता, दुसऱ्या बाजूला काका, हिरवी भिंत आणि तुझा भाचा. ठरव.

ता. क. शेवटचं. आतोबांना कसं सांगायचं असा प्रश्न पडला तर तू काहीच सांगू नकोस. तुझ्या फोनवर आमचं पान उघड आणि फोन त्यांच्या हातात दे. दुसरं बटण. पाच महिन्यांपूर्वीची नऊ तारीख, शुक्रवार, सात नंबरची गाडी. तीन दाबांत त्यांना त्यांचा माऊथऑर्गन दिसला नाही तर मला लगेच कळव, चूक माझी, मी पान बदलीन. दिसला, तर त्यांचा चेहरा कसा झाला ते कळव. आणि बोलणी बसणार हे त्यांना बटणावर वाचायला मिळेलच, कोणाला ते मला माहीत आहे.